डिस्क पुसू नका : टेफ्लॉनची झीज मोजताना गेलेलं एक वर्ष

27 जुलै 2023 ला माझी एम.टेक.ची व्हायवा झाली. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत माझ्यानंतरच्या बॅचमधल्या चौघांचे फोन आले. टेस्टिंग कुठं केलंस, पैसे किती लागले, रीडिंग जुळेनात तेव्हा काय केलंस, हेच सगळ्यांचे प्रश्न होते. वर्षभरापूर्वी मीही हेच विचारत फिरत होते आणि नीट सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. म्हणून झालं तसं, तारखांसकट लिहून ठेवते.

विषय कसा सुचला ते आधी सांगते. बी.टेक.नंतर सहा महिने मी सांगलीत एमआयडीसीतल्या एका कॉम्प्रेसर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये होते. डेअरीत किंवा औषधाच्या कारखान्यात हवेत तेल चालत नाही, तिथं बिनतेलाचे कॉम्प्रेसर असतात. पिस्टनच्या रिंगा तिथं कोरड्याच घासतात. एकदा मेस्त्रींनी खोललेल्या मशीनमधून एक काळी रिंग काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, ही टेफ्लॉनची." टेफ्लॉन तर पांढरंशुभ्र असतं! मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कार्बन घातलाय. नुसत्या पांढऱ्याची रिंग टाकली तर महिन्याभरात भुगा होतो." तव्यावर काहीच चिकटू न देणारा, इतका गुळगुळीत पदार्थ घासून एवढ्या लवकर संपतो, हे मला पटेना. तो प्रश्न डोक्यात राहिला.

ऑगस्ट 2022 मध्ये गाइड सरांकडे हाच प्रश्न घेऊन गेले. आधी मला नॅनो अल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण) घालून पीटीएफई, म्हणजेच टेफ्लॉन, करायचं होतं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या बरिस आणि सॉयर यांनी 2006 मध्ये दाखवलं होतं की अल्युमिनाचे अगदी बारीक कण थोडेसे घातले तरी पीटीएफईची झीज हजारपटीपेक्षाही कमी होऊ शकते. ते वाचून मी भारावून गेले होते. सरांनी शांतपणे विचारलं, "मिसळणार कशात? दाबणार कशात? 360-380 अंशांना भाजायला भट्टी कुठाय?" आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. मग ठरलं की बाजारात तयार मिळणारे, भर (फिलर) घातलेले पीटीएफईचे रॉड घ्यायचे: एकात 25 टक्के काच, एकात 25 टक्के कार्बन, एकात 40 टक्के ब्राँझ, आणि तुलनेसाठी एक साधा. आज वाटतं, त्या वेळी सरांनी अडवलं नसतं तर माझं वर्ष भट्टी शोधण्यातच गेलं असतं. तुमच्याकडे साचा आणि भट्टी नसेल तर तयार रॉड घ्यायला अजिबात कमीपणा मानू नका. प्रश्न चांगला असला की पुरे.

14 सप्टेंबरला सिनॉप्सिसचं प्रेझेंटेशन झालं. समितीने एकच दुरुस्ती सांगितली. मी शीर्षकात 'घर्षण व झीज कमी करणे' असं लिहिलं होतं, ते 'घर्षण व झीज यांवरील परिणाम' असं करायला लावलं. तेव्हा हा शब्दांचा कीस वाटला होता. फेब्रुवारीत रीडिंग आल्यावर कळलं की त्यांचं बरोबर होतं.

रॉड पुण्यातून मागवले. मला 12 मि.मी. व्यासाचे प्रत्येकी अर्धा मीटर पुरले असते, पण किमान ऑर्डर एक मीटरची होती. चारही मिळून 4,350 रुपये झाले. त्यात 24 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, म्हणजे पुढचा आठवडा दुकान बंद. माल 5 नोव्हेंबरला हातात आला. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर 10 मि.मी. व्यासाच्या, 30 मि.मी. लांबीच्या पिना करून घेतल्या. पीटीएफई कापताना टूल नवं आणि धारदार हवं, नाहीतर कड फाटते आणि तोंडाशी बारीक मिशा राहतात. चकमध्ये जोरात आवळलं तर पीन अंडाकृती होते, हेही लक्षात ठेवा.

इथंच पहिला अडथळा आला. ब्राँझची पीन हाताला जड लागली. पीटीएफईची घनता 2.17 आणि ब्राँझची 8.8 धरली, तर वजनाने 40 टक्के ब्राँझ असलेल्या मिश्रणाची घनता 3.1 च्या आसपास यायला हवी. माझ्या पिनेचं आकारमान 2.36 घन सें.मी., म्हणजे वजन साधारण 7.3 ग्रॅम. काट्यावर भरलं 9.2. पुन्हा हिशेब केला, 60 टक्क्यांचं गणित मांडलं आणि ते जुळलं. दुकानदाराने 40 म्हणून 60 चा रॉड पाठवला होता. फोनवर ते मान्यच करेनात. पिनेचा फोटो, काट्याचा आकडा आणि हिशेब असं सगळं पाठवलं, तेव्हा रॉड बदलून मिळाला, पण त्यात सतरा दिवस गेले. काच, कार्बन, ब्राँझ, काहीही घेतलं तरी पहिली पीन कापली की लगेच वजन करून घनता काढा. दहा मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नसतं तर अख्खा प्रबंध चुकीच्या नावाखाली उभा राहिला असता.

टेस्टिंगसाठी पिन-ऑन-डिस्क मशीन लागतं. पीन उभी धरायची, खाली फिरणाऱ्या पोलादी डिस्कवर ठराविक भाराने टेकवायची, ठरलेलं अंतर घासायची, आणि पिनेचं आधीचं व नंतरचं वजन घ्यायचं. एएसटीएम जी-99 हे या टेस्टचं ठरलेलं मानक (स्टँडर्ड). आमच्याकडे मशीन नव्हतं, पुण्यातल्या एका कॉलेजात होतं. त्यांना विभागप्रमुखांच्या सहीचं, लेटरहेडवरचं पत्र लागायचं, आणि त्यात टेस्टची संख्या, भार, वेग, अंतर सगळं आधीच लिहावं लागायचं. माझं पहिलं पत्र 'अंतर लिहिलेलं नाही' म्हणून परत आलं. तेव्हा दर टेस्टला 600 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी पडायचा. पैसे आमच्या कॉलेजकडून परत मिळवायचे असतील तर बिल कॉलेजच्या नावानं घ्या, आणि तीन कोटेशनचा नियम आहे का ते आधी विचारा. माझं बिल माझ्या नावावर निघालं, त्यामुळे एक रुपयाही परत मिळाला नाही.

पहिली फेरी 12 ते 15 डिसेंबर 2022. मी कोथरूडला आत्याकडे राहिले. आत्या सकाळी साडेसातला डबा तयार ठेवायची, तो आधार फार मोठा होता.

थंडीचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. सकाळी सव्वानऊला लॅबमधला तापमापक 17 अंश दाखवत होता. साध्या पीटीएफईच्या पिनेचा व्यास मायक्रोमीटरवर 9.97 आला. दुपारी तीच पीन 10.00. मला वाटलं माझाच हात चुकतोय. नंतर वाचनात आलं की 19 अंशांच्या आसपास पीटीएफईच्या स्फटिकांची रचना बदलते आणि आकारमान सुमारे एक टक्क्याने वाढतं. पुण्याच्या डिसेंबरात सकाळ त्या रेषेच्या खाली असते आणि दुपार वर. तेव्हापासून सगळी मापं मी दुपारीच घेऊ लागले.

त्या चार दिवसांत दहा टेस्ट केल्या. दर टेस्टला 5,000 मीटर घासायचं होतं. झीज कशी वाढत जाते ते दिसावं म्हणून दर 1,000 मीटरला मशीन थांबवून पीन काढायची, वजन करायचं, डिस्क ॲसिटोनने लख्ख पुसायची आणि पुन्हा सुरू. मला वाटत होतं की मी फार काटेकोर काम करतेय. पण एकाच पदार्थाची, एकाच भाराची, एकाच वेगाची दोन रीडिंग तिपटीने वेगळी येत होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी वही मिटली तेव्हा रडू यायचंच बाकी होतं. 7,080 रुपये भरून झाले होते.

लॅबमध्ये एक मामा होते, निवृत्तीला आलेले. मी सामान भरत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही दर वेळी डिस्क का पुसता?"

मी म्हटलं, "मामा, स्वच्छ नको का?"

"सुरुवातीला पुसायची. मधी नाही. ती काळी पट्टी बसते ना डिस्कवर, ती बसली की पीन खायची थांबते. तुम्ही ती पुसून टाकता, मग ती परत पहिल्यापासून खाते."

त्या एका वाक्याने माझा प्रबंध सरळ झाला. त्या रात्री बसने सांगलीला येताना मी तेच घोळवत होते. पुस्तकात 'ट्रान्सफर फिल्म' हा शब्द दहा वेळा वाचला होता, पण ती फिल्म म्हणजे माझ्या फडक्याला लागलेला काळा डाग, हे मला कळलंच नव्हतं.

जे मला तेव्हा समजलं ते थोडक्यात मांडते, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. पीटीएफईचे रेणू लांब, सरळ, गुळगुळीत असतात. घासताना त्यातले थोडे पोलादाला चिकटतात आणि उरलेले त्यांच्यावरून सरकतात, म्हणून हळू वेगाला घर्षणांक 0.05 ते 0.1 इतका कमी. पण ज्या गुणामुळे ते एकमेकांवरून सरकतात त्याच गुणामुळे ते एकमेकांना धरूनही ठेवत नाहीत. पापुद्रेच्या पापुद्रे सुटतात. साध्या पीटीएफईच्या टेस्टनंतर मशीनच्या तळाशी दोन-तीन मिलिमीटरचे पांढरे, पातळ, फुंकरीने उडणारे तुकडे जमतात. कार्बनच्या पिनेखाली पाहिलं तर बोटाला लागावी तेवढी काजळीसारखी पूड. फिलरचं काम या दोन दृश्यांत सगळं आलं. तो भार स्वतःवर घेतो, मोठा पापुद्रा सुटू देत नाही, तुकडे बारीक करतो. बारीक तुकडे डिस्कच्या खाचांत घट्ट बसतात आणि पातळ, सलग थर तयार होतो. मग पीन पोलादावर घासतच नाही, स्वतःच्याच थरावर घासते. मोठे पापुद्रे असे चिकटून राहत नाहीत, डिस्कच्या एका फेऱ्यात बाहेर फेकले जातात.

पहिल्या फेरीत माझी दुसरीही चूक होती, ती डिस्कची. पैसे वाचवायला ईएन-8 पोलादाची, कडक न केलेली एकच डिस्क नेली होती आणि त्याच पट्ट्यावर तिन्ही पदार्थ घासले होते. काचेच्या तंतूंनी तिच्यावर ओरखडे काढले, नखाला जाणवतील असे. त्यावर नंतर घासलेला कार्बन त्या ओरखड्यांनी कापला गेला. काच झीज कमी करते, पण समोरच्या मऊ धातूला खाते. तुमचा शाफ्ट मऊ असेल तर काच भरलेला बुश घालू नका. प्रबंधाच्या निष्कर्षात मी हे वाक्य मुद्दाम ठेवलं.

जानेवारीत पुन्हा अर्ज केला, तारीख मिळाली 20 फेब्रुवारी. या वेळी ईएन-31 पोलादाच्या तीन डिस्क करून घेतल्या, 60 एचआरसीपर्यंत (हे कडकपणाचं माप) कडक करून, ग्राइंड करून. एकीला 2,600 रुपये. काचेला एक, कार्बनला एक, ब्राँझला एक. साध्या पीटीएफईसाठी कार्बनच्या डिस्कची दुसरी बाजू. घरी पैसे मागताना जड गेलं. बाबांनी कशासाठी एवढंच विचारलं आणि दिले.

भार 20, 40, 60 न्यूटन. वेग अर्धा, एक, दीड मीटर प्रति सेकंद. तीन फिलर. तागुचीच्या एल-9 मांडणीत (सगळ्या जोड्या न करता मोजक्याच निवडायची पद्धत) नऊ टेस्ट येतात. प्रत्येक तीनदा केली म्हणजे 27, आणि साध्याच्या तीन. एकूण तीस, जीएसटीसह 21,240 रुपये. अर्ध्या वेगाची एक टेस्ट पावणेतीन तास चालते, हे वेळापत्रक करताना विसरू नका. मला नऊ दिवस लागले. 1 मार्चला संपलं. ज्या जोड्या मांडणीत येत नाहीत त्यांची आकडेवारी हाती राहत नाही, म्हणून 40 न्यूटन आणि एक मीटर वेगाला तिन्ही फिलरची वेगळी टेस्ट घ्यायला मामांनी सुचवलं. तीन टेस्ट वाढल्या, 2,124 रुपये आणखी.

मशीनच्या पडद्यावर झीज मायक्रॉनमध्ये दिसते. तिच्यावर विसंबू नका. पहिल्या पंधरा मिनिटांत माझी झीज उणे तीस मायक्रॉन दिसत होती, जणू पीन वाढतेय. खरोखरच वाढत होती. पीटीएफई तापलं की पोलादाच्या दहापट फुगतं, 30 मि.मी.ची पीन दहा अंशांनी तापली की सुमारे 37 मायक्रॉन लांब होते. पाच किलोमीटर घासून कार्बनची खरी झीज भरते 25 मायक्रॉन! म्हणून शेवटी वजनच खरं. काटा 0.1 मिलिग्रॅमचा हवा, पंखा बंद, पीन थंड होऊन अर्धा तास झालेला, आणि चिमट्याने धरलेली. पीटीएफई सापडलंही वजनामुळेच. 6 एप्रिल 1938 ला ड्यूपाँट या अमेरिकी कंपनीत रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांच्या सिलिंडरमधून गॅस येईना, पण वजन तर भरलेल्या सिलिंडरचं. कापून पाहिलं तर आत पांढरी, मेणचट पूड.

40 न्यूटन, एक मीटर वेग, 5,000 मीटर या टेस्टचे माझे आकडे असे आले. साध्या पिनेचं वजन 0.31 ग्रॅमने घटलं, उंची जवळजवळ दोन मि.मी.ने. डोळ्यांना दिसते एवढी. काच 5.6 मिलिग्रॅम, ब्राँझ 5.0, कार्बन 4.1. मी आनंदाने लिहून टाकलं: कार्बन सर्वांत चांगला. दोन दिवसांनी घनतेने भागलं तेव्हा क्रम फिरला. ब्राँझ जड, त्यामुळे 5.0 मिलिग्रॅम म्हणजे फक्त 1.6 घन मि.मी., आणि कार्बनचे 4.1 म्हणजे 1.97. कमी ब्राँझचंच झिजलं होतं. म्हणून तुलना नेहमी आकारमानात करा. दर न्यूटन-मीटरला साध्याची झीज 0.0007 घन मि.मी., कार्बनची 0.00001. सत्तर पटींचा फरक.

आणि घर्षण? ते कमी झालंच नाही. एक मीटर वेगाला साध्याचा घर्षणांक 0.19, कार्बनचा 0.21, काचेचा 0.23. किंचित वाढलेलेच. सप्टेंबरमध्ये समितीने शीर्षक का बदललं ते इथं उमगलं. आपण बोलताना घर्षण आणि झीज एका दमात म्हणतो, जणू एक घटलं की दुसरं घटतं. या पदार्थात फिलर झीज सत्तर पटींनी उतरवतो आणि त्याची किंमत घर्षणात थोडीशी घेतो. कॉम्प्रेसरच्या रिंगेला ती किंमत परवडते.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी सहा नमुने दिले, दर नमुन्याला 900 रुपये, त्यात सोन्याचा मुलामा आला. पीटीएफईतून वीज जात नाही, म्हणून मुलाम्याशिवाय चित्र येत नाही. नंबर लागायला पाच आठवडे लागले, त्यामुळे टेस्ट संपायच्या आधीच तिथं नाव लावून ठेवा. काचेच्या पिनेच्या तोंडावर तंतूंची टोकं सपाट घासलेली, थोडी वर आलेली दिसली. भार कोण उचलत होतं ते त्या चित्रात स्पष्ट दिसतं.

मे महिना लिहिण्यात गेला. साम्य तपासणीत पहिल्यांदा 23 टक्के आलं, दहाच्या आत हवं होतं. जी-99 मानकाचं वर्णन मी जसंच्या तसं उतरवलं होतं, ते स्वतःच्या शब्दांत लिहिल्यावर 7 वर आलं. 16 जूनला सबमिशन.

व्हायवात एक्स्टर्नल सर शांत होते. वीस मिनिटांनी त्यांनी एकच मोठा प्रश्न विचारला: "40 टक्के ब्राँझ आणि 25 टक्के कार्बन यांची तुलना न्याय्य आहे का?" मी म्हटलं, वजनाने ब्राँझ जास्त आहे, पण आकारमानाने ब्राँझ 14 टक्के आणि कार्बन जवळजवळ 29, त्यामुळे पूर्ण न्याय्य नाही. समान आकारमानाचे नमुने करायला भट्टी हवी होती, ती नव्हती, आणि हे मी मर्यादांमध्ये लिहिलंय. त्यांनी ते पान उघडून वाचलं, मान डोलावली. त्या चुकीच्या रॉडच्या वेळी केलेलं घनतेचं गणित असं आठ महिन्यांनी कामाला आलं.

एकूण खर्च साधारण 49,000 रुपये, त्यात पहिल्या फेरीचे वाया गेलेले सात हजार आणि बसभाडं धरून.

तिन्ही डिस्क माझ्याकडे घरी आहेत, तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. कार्बनच्या डिस्कवरची काळी पट्टी अजून तशीच आहे, नखाने सहज निघत नाही. सांगली-कोल्हापूरकडे कुणाला टेस्टिंगला लागत असतील तर खाली लिहा, घेऊन जा. सरफेस ग्राइंडिंग करून घ्या म्हणजे चालतील. फक्त कार्बनची ती पट्टी काढायच्या आधी तिचा एक फोटो मला पाठवा.